उपासाची सुई

दर्शनाच्या गुडघ्यामागून निघालेली गोचीड फुगलेली होती आणि लालभडक होती. डाळिंबाच्या दाण्यासारखी.

दर्शनाला त्याचं काहीच वाटलं नाही. काजूच्या बागेत वावरणाऱ्या बाईच्या अंगावर गोचीड सापडली तर त्यात नवल ते काय? फाल्गुन लागला होता, बोंडं गळत होती, आणि तासाभरापूर्वीच ती भरली टोपली घेऊन घरी आली होती. ओसरीवर बसून ती पाय खाजवायला लागली, तेव्हा तिची नणंद ऋजुता चिमटा घेऊन आली. गोचीड तिने कातडीलगत धरली, सरळ ओढून काढली आणि सवयीने उन्हात धरली.

"वयनी, ही कधी लागली गो?"

"आता बागेत गेल्लंय तेव्हाच. सकाळी न्हाताना काय नव्हता."

ऋजुता तालुक्याची पशुवैद्यकीय अधिकारी होती. गोचीड तासाभरात भरत नाही हे तिला ठाऊक होतं. आधी ती कातडीत तोंड रोवते, लाळेने स्वतःला चिकटवून घेते, कित्येक दिवस थोडं थोडं पिते आणि शेवटी शेवटी टम्म फुगते. नुकती लागलेली गोचीड तिळासारखी चपटी असायला हवी. आणि ही जर आधीच कुठे जेवून आली असेल, तर एव्हाना काळपट दिसायला हवी होती.

"वयनी, हिच्या पोटातला रक्त तुजा नाय."

"मग कोणाचा? तुज्या दादाचा काय?" दर्शना हसली आणि बोंडांपासून बिया सोडवायला बसली.

ऋजुताला हसू आलं नाही. गोचीड कुपीत घालून ती दवाखान्यात निघाली.

*

शिरवलखोल हे गाव दोडामार्ग तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहे. अलीकडे तिथे थंडी नावालाच पडायची आणि गोचिडींना बाराही महिने मानवायचे. फवारणीची औषधं एकामागून एक निकामी झाली. औषध वाढवावं तर त्याचा अंश दुधात उतरायचा आणि डेअरी दूध परत पाठवायची. वासरं गोचीडतापाने मरत. अशा वेळी पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून डॉ. कारखानीसांची लस आली. ऋजुता त्यांचीच विद्यार्थिनी. त्यांच्या प्रयोगशाळेत तिने गोचिडींची आतडी सूक्ष्मदर्शकाखाली उलगडण्यात उमेदीची वर्षं घालवली होती.

डास रक्त पितो तेव्हा ते त्याच्या आतड्याच्या पोकळीतच पचतं, जसा आपल्या पोटात भात. गोचिडीचं तसं नाही. तिच्या आतड्याची पोकळी हे नुसतं कोठार. पचवण्याचं काम भिंतीतल्या पेशी करतात. एकेक पेशी कोठारातलं रक्त घोट घोट आत ओढते, आम्लाने भरलेल्या बारीक पिशव्यांत कोंडते, आणि तिथे निरनिराळी विकरं त्याचे तुकडे करत जातात. हे इतकं सावकाश चालतं की एका जेवणावर गोचीड महिनोन्महिने काढते. रक्ताला लाली देणारा लोहाचा भाग, हीम, मात्र तिला विषासारखा. त्यातला गरजेपुरता घेऊन उरलेला ती पेशीतच काळपट कणांत बांधून ठेवते. म्हणून रक्त पचवणारी गोचीड दिवसेंदिवस काळी पडत जाते.

कोठारात रक्त पचत नाही, याचा अर्थ त्या रक्तातली प्रतिद्रव्यंही तिथे शाबूत राहतात. कारखानीसांनी हेच हेरलं. त्यांची लस टोचली की गाईच्या रक्तात अशी प्रतिद्रव्यं तयार होत, जी गोचिडीच्या आतड्याच्या पेशींना चिकटून त्यांची तोंडं बंद करत. कोठार भरलेलं, पण चूल पेटेना. गोचीड भरल्या पोटी उपाशी मरायची.

लसीला शास्त्रीय नाव होतं. गावाने तिला 'उपासाची सुई' म्हटलं आणि तेच टिकलं.

सुरुवातीला कोणी पुढे येईना. तेव्हा ऋजुताचा भाऊ गुरुनाथ गवस याने सगळ्यांत आधी आपली गुरं उभी केली. मग तो दूध सोसायटीचा चेअरमन म्हणून नव्हे, तर गावातला एक माणूस म्हणून गोठ्यागोठ्यातून फिरला. "माजी भैण खोटा सांगूची नाय," एवढंच तो म्हणायचा. वर्षभरात गुरांची अंगं स्वच्छ झाली, वासरं जगली, दूध वाढलं. तिसरं वर्ष लागलं तेव्हा शेजारच्या जिल्ह्यांतून माणसं शिरवलखोलचे गोठे बघायला येत होती.

*

दवाखान्यात ऋजुताने गोचीड चिरली. आतलं रक्त पातळ, ताजं आणि लाल होतं. एक थेंब तिने जनुकवाचकाच्या पट्टीवर ठेवला. रक्त कोणत्या प्राण्याचं हे सांगणारी ही खिशात मावेल एवढी डबी आता प्रत्येक पशुवैद्याकडे असायची. डबीवर शब्द उमटला: गाय.

तिने पुन्हा केलं. पुन्हा गाय.

ती खुर्चीत बसून राहिली. मग तिने कारखानीसांना फोन लावला.

"सर, लसीनंतर गोचिडी मरतात हे आपण कशावरून म्हणतो?"

"असं काय विचारतेस? तू स्वतः मोजल्या आहेस. टोचलेल्या गाईवरून गळलेल्या गोचिडी आपण काचेच्या नळ्यांत ठेवत होतो. पंधरवड्यात मरायच्या."

"नळीत दुसरं काही खायला नव्हतं, सर."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"जंगलात आहे," ऋजुता म्हणाली. "गाईचं रक्त पचलं नाही तर ती मरायची वाट बघत बसत नाही. अर्धवट सोडून उतरते आणि दुसरं अंग शोधते. आज माझ्या वहिनीच्या पायावर सापडली. पोटात गाईचं रक्त होतं, न पचलेलं."

"एक गोचीड म्हणजे पुरावा नव्हे."

"मान्य."

"मग नमुने गोळा कर. आणि तोपर्यंत कुठे बोलू नकोस."

हे तिलाही पटलं. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या फ्लॅनेलचं धोतराएवढं कापड काठीला बांधून ती बागेत गेली. गुरं पाण्यावर उतरतात त्या वाटेने ते पाचोळ्यावरून ओढत नेलं. दबा धरून बसलेल्या गोचिडी चालत्या कापडाला जनावर समजून चिकटतात. एरवी कापडावर येतात त्या चपट्या, भुकेल्या. या खेपेला कापड उलटं केलं तेव्हा पांढऱ्यावर ठिकठिकाणी लाल मणी दिसले. काही अजून कापडात तोंड खुपसायला बघत होते.

बोंडांचा आंबूस वास सुटला होता. जवळच बाया गाणी ऐकत बिया वेचत होत्या. ऋजुताला त्यांना हाक मारावीशी वाटली, पण सांगायचं काय? आधी नमुने तपासू, मग सांगू, असं तिने ठरवलं.

*

त्या आठवड्याच्या शेवटी दर्शनाला ताप भरला. डोकं फुटेल असं दुखत होतं, डोळे लाल झाले होते, आणि संध्याकाळी हिरड्यांतून रक्त आलं. तालुक्यात माकडताप नवा नव्हता. जंगलात माकडं मरून पडली की लोक ओळखायचे. विषाणू उंदीर-माकडांकडून गोचिडीत येतो आणि गोचिडीकडून माणसात. माणसांसाठी नवी लस येणार येणार म्हणत अजून चाचण्यांतच अडकली होती.

दर्शनाला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात हलवलं. ती शुद्धीवर होती तोवर गुरुनाथला सांगत होती, "बिया सुकवूक घाला, नायतर काळे पडतले."

इस्पितळाच्या आवारात, वडाच्या पारावर, ऋजुताने भावाला सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग त्याने एकच विचारलं.

"ह्या तुका कधी कळला?"

"वयनीच्या पायावरची काढलंय, त्याच दिवशी. पण खात्री नव्हती, दादा."

"तेच्यानंतर ती चार दिवस बागेत गेली."

"जी चावायची ती तोपर्यंत चावली होती. त्या दिवसाचीच..." बोलता बोलता ती थांबली. हे खरंही असेल, पण तिला खात्रीने सांगता येत नव्हतं.

"मी घराघरांत जावन सांगलंय," गुरुनाथ म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, म्हणून तिला जास्त लागलं. "तुज्या शब्दावर. गावाक सांगूक तुका आणखी किती खात्री होयी?"

तेवढ्यात आतून परिचारिकेने हाक मारली आणि तो उठून गेला.

ऋजुताने पारावरूनच कारखानीसांना फोन केला. नमुने तपासून झाले होते. बागेतल्या लाल गोचिडींपैकी बहुतेकींत गाईचं रक्त होतं, आणि काहींत गाईच्या रक्तासोबत माकडतापाचा विषाणू.

"म्हणजे गाय त्यांना अडवत होती," ती म्हणाली. "आपल्या हे लक्षातच आलं नाही. विषाणूवाली गोचीड गाईवर भरपेट जेवायची, तृप्त होऊन गळायची, आणि गाईला काही व्हायचं नाही. माणसाच्या वाटणीचे चावे गाय सोसत होती. आपण ते ताट काढून घेतलं."

"ऋजुता, मी हे नाकारत नाही." कारखानीस थकल्यासारखे बोलत होते. "पण पुढचं बघ. या उपाशी गोचिडी अंडी घालू शकत नाहीत. संख्या कमी होतेच आहे. आणखी दोन-तीन वर्षं रेटलं, तर गोचिडीच उरणार नाहीत. आता थांबलो तर सगळं पहिल्यासारखं होईल. वासरं पुन्हा मरतील, दुधात पुन्हा विष उतरेल. तुला हवंय का ते?"

"नको आहे."

"मग?"

"मधली दोन-तीन वर्षं कोणाच्या अंगावर काढायची, सर?"

कारखानीसांनी फोन ठेवला नाही. शेवटी ते म्हणाले, "तुझ्या गावापुरतं तू काय करायचं ते कर. मी इथे समितीपुढे मांडतो. ऐकतील असं नाही."

*

सभा ग्रामदेवी सातेरीच्या देवळात, दुपारी भरली. सरपंच अस्मिता शेटकर यांनी बागा चालू राहाव्यात म्हणून जेवणाच्या सुट्टीत बोलावली होती. अर्धी माणसं बागेतून थेट आलेली, हातांना बोंडांचा चीक लागलेला.

ऋजुता बोलली तेव्हा तिने काही लपवलं नाही. लस कशी चालते, कुठे चुकलं, तिला केव्हा कळलं आणि ती किती दिवस गप्प राहिली, सगळं सांगितलं.

पहिल्यांदा कोणाला राग आला नाही. मग बाबली देसाई नावाचे म्हातारे बागायतदार उठले. त्यांची बाग गावात सगळ्यांत मोठी.

"सोपा आसा. तीच सुई आमकाय टोचा. मग गोचीड आमच्या रक्तावरय उपाशी मरतली."

काही जणांनी माना डोलावल्या.

"चावा तर बसणारच ना, बाबलीकाका," ऋजुता म्हणाली. "विषाणू तिच्या लाळेतून येतो. तोंड रोवलं की आलाच. तिला रक्त पचतं की नाही हे पुढचं. उलट पचलं नाही तर ती आणखी एकाला चावेल."

"मग गुरांक बागेत सोडूया नको."

"गुरं नसली तर गोचिडींना तुमच्याशिवाय कोणीच राहत नाही."

देवळात कुजबुज वाढली. मागून कोणीतरी म्हणालं, "वरच्या धनगरवाड्यावरच्या जनावरांना सुई दिलेली नाही. ती आठ-पंधरा दिवस खाली आणून बागांतून फिरवा. गोचिडी जेवतील आणि गप्प होतील."

विचार चुकीचा नव्हता. ऋजुताच्या स्वतःच्या मनात तो कालपासून होता, आणि म्हणूनच तिला मान वर करवेना.

धाकू येडगे धनगरवाड्यावरून दूध घालायला येत, ते खांबाला टेकून उभे होते. सुई आली तेव्हा त्यांनी नको म्हटलं होतं. तेव्हा गाव त्यांना हसलं होतं.

"आमची जनावरं आणायची," ते सावकाश म्हणाले. "त्यांच्या अंगावर गोचिडी भरवायच्या. मग तुम्ही काजू वेचणार. आणि आमची वासरं तापाने गेली, तर?"

"भरपाई देव," बाबली म्हणाले.

"मी वासराचं विचारतोय, बाबलीशेट."

बाबली खाली बसले. देवळाच्या मागे कोणाचा तरी कोंबडा उगाच आरवत होता.

तेव्हा गुरुनाथ आत आला. तो इस्पितळातून थेट आला होता, दाढी वाढलेली. ऋजुता त्याच्याकडे बघू शकली नाही. तो मधोमध येऊन उभा राहिला.

"माज्या भैणीन सांगला ता खरा आसा," तो म्हणाला. "तिका उशीर झालो. तो आमचो घरचो विषय, आमी बघतलंव. पुढच्या महिन्यात सुयेचो डोस येतलो. माजी गुरां तो घेवची नायत. गोचिडी चढतली, चढांदेत. एखादा वासरू जातला, जावंदे. माज्या गुरांच्या अंगार चढली ती माज्या माणसांच्या अंगार येवची नाय."

"आणि ह्या वर्साचे काजू?" बाबलींनी विचारलं.

"माजे बागेतच ऱ्हवतले."

सभा ठरावाशिवाय उठली. लोक दोघा-तिघांच्या घोळक्यांनी पायऱ्या उतरले. ऋजुताशी कोणी भांडलं नाही आणि कोणी बोललंही नाही.

*

त्या हंगामात निम्म्या बागा बंद राहिल्या. ज्यांना ते परवडलं नाही ते पायाला तेल चोपडून, लांब मोजे चढवून जातच राहिले. बाबली देसाईंनी मजूर मिळेनासे झाले तेव्हा स्वतः वेचायला सुरुवात केली. पाऊस सुरू होण्याच्या आधी ते माकडतापाने गेले. ऋजुता त्यांच्या घरी भेटायला गेली तेव्हा त्यांच्या सुनेने तिला पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि स्वतः आत निघून गेली.

पुण्याच्या समितीने लस थांबवली नाही. मात्र जंगलालगतची गावं वगळली. कारखानीसांनी अहवालात ऋजुताचे नमुने जसेच्या तसे घातले आणि त्यानंतर तिला फोन केला नाही.

दर्शना घरी आली. ताप एकदा उतरून पुन्हा चढला होता आणि दुसऱ्या खेपेला मेंदूपर्यंत गेला होता. ती सगळ्यांना ओळखायची, स्वयंपाकही करायची. पण मध्येच वाक्य तोडून थांबायची, शब्द शोधायची, आणि तिचे दोन्ही हात सतत कापत. शिवणाच्या मशीनवर तिने चादर टाकून ठेवली. ऋजुता याच घरात राहत होती, दोघं भाऊ-बहीण एकाच ताटाळ्यातली ताटं घेऊन जेवायला बसत होते. गुरुनाथ तिला भाजी वाढायचा, दवाखान्याचं विचारायचा. त्या दिवसांबद्दल मात्र एक शब्द त्याने काढला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

पुढच्या चैत्रापर्यंत गुरांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं विरून गेली. गुरांच्या कानांमागे, कासेजवळ, शेपटीखाली गोचिडी पुन्हा दाटल्या. गुरुनाथ रोज सकाळी बसून हाताने त्या काढायचा. गावात त्या हंगामात माकडतापाचा एकच रुग्ण निघाला आणि तो बरा झाला. वासरं मात्र आजारी पडू लागली.

गुरुनाथच्या घरची पाडी एका दुपारी उठेनाशी झाली. कानातला ताप मोजणारा बिल्ला तीन दिवसांपासून इशारा देत होता. ऋजुताने पापणी खाली ओढून बघितली. आत पांढरंफटक. गोचीडतापाने रक्तातल्या पेशी फुटल्या होत्या. औषध तिने दोन दिवसांपूर्वीच दिलं होतं, आता फक्त रक्त देणं उरलं होतं.

"मोठ्या गाईचा काढतंय," ती म्हणाली. "दादा, तिका धर."

गुरुनाथने दावं आखडून गाईची मान वर धरली. ऋजुताने शिरेत सुई घातली. रक्त गडद, कोमट, पिशवीत उतरू लागलं. गाय एकदा फुरफुरली आणि उभी राहिली. पिशवी भरल्यावर ऋजुता पाडीजवळ बसली, मानेवरचे केस भादरले, शीर शोधली. पिशवी टांगायला वर काहीच नव्हतं. गोठ्याचं नवं छप्पर पत्र्याचं आणि उंच होतं.

"माज्याकडे दी," दारातून दर्शना म्हणाली.

ती कधी येऊन उभी राहिली ते कोणालाच कळलं नव्हतं. ऋजुता घुटमळली.

"वयनी, बराच वेळ धरूक होयी."

"दी म्हणतंय ना."

दर्शनाने पिशवी दोन्ही हातांत घेऊन डोक्यावर धरली. हात कापत होते, नळी हलत होती, आणि नळीसोबत शिरेतली सुई हलत होती. ऋजुताने सुई बोटाने दाबून धरली. थेंब पडायला लागले.

गुरुनाथ गाईला सोडून आला. बायकोच्या मागे उभं राहून त्याने आपले हात तिच्या हातांखाली घातले. नळी स्थिर झाली.

"पाडी जगतली काय गो?" त्याने ऋजुताला विचारलं.

"माहीत नाय, दादा."

"बरा," तो म्हणाला. "माहीत नाय तर माहीत नाय. अशी पयलीच सांगत जा."

पिशवी अर्धी व्हायला बराच वेळ लागला. तिघंही तशीच राहिली, पाडीच्या बरगड्या वरखाली होताना बघत.